पायावरचा खळगा

काडीच्या पायात बूट जाईना आणि माझी नणंद हार मानेना.

"परवा दुकानात घालून बघितला तेव्हा सहज गेला होता," असं पुटपुटत तिनं मुलीची टाच मुठीत धरली आणि पुन्हा जोर लावला. बूट लाल, नवेकोरे, पट्टीचे. तिनंच हौसेनं आणलेले. काडी खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होती. रडत नव्हती, पाय ओढून घेत नव्हती. दोन वर्षांच्या पोरीशी एवढी झटापट केली तर तिनं इमारत डोक्यावर घ्यायला हवी. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी भिंतीवरचा तक्ता सरळ करण्यात गर्क होते.

तक्ता काडीचाच होता; पहिल्यांदा आली तेव्हा अगदी हडकुळी होती म्हणून केंद्रात सगळे तिला काडी म्हणायचे. शहराच्या आरोग्य खात्याची पोषण योजना आहे, तिच्या या भागातल्या वजन केंद्रांवर देखरेख करणं हे माझं काम. अशक्त मुलं दर आठवड्याला केंद्रावर येतात, त्यांचं वजन होतं, दंडाला पट्टी लावून घेर मोजला जातो आणि शेंगदाण्याच्या गोड लगद्याच्या पुड्या घेऊन ती घरी जातात. वजनाची रेघ वर गेली की आम्ही खूश, खाली आली की माझी चिडचिड. ऑफिसात माझ्या माघारी मला फौजदार म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. काडीची रेघ गेले काही आठवडे जिन्यासारखी चढत होती. इतकी, की आमच्या साहेबांनी ती मोठी करून रंगीत छापून घेतली. आज खात्याचे संचालक येणार होते. समोरच्या सभागृहात कार्यक्रम होता, आणि काडीला कडेवर घेऊन तिची आई व्यासपीठावर दोन शब्द बोलणार होती.

केंद्र माझ्या नणंदेच्या हातात. चाळिशी उलटली तरी घरात तिला बेबीच म्हणतात, इथल्या आया ताई म्हणतात. तिला नोकरी मी लावलेली नाही, ती माझ्या आधीपासून इथे आहे, पण हे सासरच्या मंडळींना पटवून द्यायच्या भानगडीत मी पडत नाही. नात्यातलं माणूस हाताखाली नसावं म्हणतात ते अनुभवाचे बोल आहेत. मी तिला दुपारी काही बोलले की संध्याकाळी ते माझ्या ताटात वाढलेलं असतं. पण तिचं केंद्र सगळ्यांत चांगलं चालतं, हेही कबूल करायला हवं. आया तिच्याकडे रडायला येतात, घरातली भांडणं सांगायला येतात, आणि ओघानं मुलांचं वजन करून जातात.

"राहू दे, मोज्यांवरच नेऊ," मी म्हणाले. "व्यासपीठावर पाय कोण बघतंय?"

बेबीनं बूट बाजूला ठेवला आणि चुरगळलेला मोजा नीट घालण्यासाठी आधी काढला. मी नेमकी तेव्हा वळले होते म्हणून मला दिसलं. मोज्याच्या इलॅस्टिकनं घोट्याच्या वर खोल वळ पडला होता. मुलांना वळ पडतात, त्यात काही नाही. पण हा वळ विरेना. ओल्या मातीत दोरी दाबावी तसा तो तिथेच राहिला.

मी तक्ता सोडला आणि काडीसमोर उकिडवी बसले.

हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात आणि गर्दीच्या दिवशी आम्ही ते गाळतो. पावलाच्या वरच्या बाजूला अंगठा ठेवायचा, सावकाश तीनपर्यंत मोजायचं आणि उचलायचा. दोन्ही पायांना. मी उजवा पाय दाबला, अंगठा उचलला. खळगा राहिला. माझ्याच अंगठ्याच्या मापाचा. तो भरून येईल म्हणून मी बघत राहिले. डावा दाबला, तिथेही तेच. नडगीवर दाबलं, तिथेही.



"काय झालं?" बेबीनं विचारलं.

"दार लोटून घे."

काडीची आई शेजारच्या खोलीत भाषण पाठ करत होती. "माझी मुलगी अतिशय अशक्त होती," एवढं म्हणून ती अडकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. बेबीनं दार लोटलं, पण ते दार कधीच नीट लागत नाही.

"ही भरलेली नाहीये, बेबी," मी म्हणाले. "सुजलीये. हे सगळं पाणी आहे."

"काहीतरीच काय, वहिनी!"

"पाय बघ."

"सकाळपासून तयारी चाललीये. उभी राहून सुजले असतील."

"दोन वर्षांची पोर उभी राहून सुजते?"

"मग रेघ बघ ना तू! दर आठवड्याला चढती आहे. मागच्या भेटीत तूच सगळ्यांसमोर मला शाबासकी दिलीस."

दिली होती. काटा शून्यावर आहे ना, मुलाच्या अंगावर जाड कपडे नाहीत ना, हे मी डोळ्यांत तेल घालून बघते. पाय दाबून बघितले का, असं कोणाला शेवटचं कधी विचारलं ते मला आठवेना. काटा बिचारा खोटं बोलत नव्हता. त्याच्यावर जे ठेवलं ते तो तोलत होता. अंगात मांस चढलंय की पाणी, हे काट्याला कळत नाही. ते कळावं म्हणून तर आम्हाला पगार देतात.

काडीचा चेहरा मी आता कुठे धड बघितला. गाल फुगलेले, कातडी ताणून चकचकीत झालेली, पापण्या जड. काय बाळसं धरलंय म्हणून इतके दिवस सगळे तिचे गाल ओढत होते. मी तिचे हात हातात घेतले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, खोलीत पंखा असूनही घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि ते हात थंडगार होते.

"पुडी आण एक."

बेबीनं पुडी फोडली, बोटावर लगदा घेतला आणि काडीच्या ओठांना लावला. "आ कर बघू. ताईचं ऐकतेस ना तू?" काडीनं मान फिरवली. बेबीनं थोडा आत सारला, तर तो ओठांच्या कडेनं हनुवटीवर उतरला. पोरीला गिळायचंही त्राण नव्हतं. दोन्ही पाय सुजलेले आणि मूल खात नाही, असं झालं की आमच्याकडे दुसरा विचार नसतो. सरळ रुग्णालय. अशी मुलं बघता बघता हातची जातात. दिवसभर गप्प बसतात, घरचे म्हणतात किती शहाणी झाली, आणि झोपेतून उठवायला जावं तर उठत नाहीत. मी असं एक मूल बघितलं आहे. दुसरं बघायची माझी तयारी नव्हती.

"कार्यक्रम झाला की लगेच नेऊ," बेबी म्हणाली.

"आत्ता न्यायचं."

"वहिनी, तिची सासू येऊन बसलीये पुढच्या रांगेत. हिला मुलं सांभाळता येत नाहीत असं तिनं गावभर केलंय. आज पहिल्यांदा ती हिच्या बाजूनं चार माणसांत आलीये. अर्ध्या तासानं काय बिघडतंय?"

"आणि पोरगी गेली तर? तेव्हा काय तोंड दाखवणार सासूला?"

हे मी मोठ्यानं बोलले. फौजदारकी अंगात मुरली की आवाज कुठे आवरायचा ते कळत नाही. शेजारच्या खोलीतलं पाठांतर थांबलं होतं.

दार उघडलं. काडीची आई उभी होती. किडकिडीत बाई, इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बांधलेले. "कोण गेली तर?" तिनं विचारलं.

मी सांगायचा प्रयत्न केला आणि तो वाईट केला. सूज आहे, म्हणाले. हे वजन खरं नाही, म्हणाले. ताबडतोब भरती करावं लागेल, म्हणाले. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"ताई?" ती बेबीला म्हणाली.

बेबी काडीच्या पायात मोजा चढवायला लागली.

"माझी मुलगी चांगली भरलीये," आई म्हणाली. "दर आठवड्याला ताईंनी मला तसं सांगितलंय. तुम्हीसुद्धा सांगितलंय, मॅडम. आज सासूबाई आल्या आणि आजच तुम्हाला सूज दिसली?" तिनं काडीला उचललं, खांद्यावर टाकलं आणि ती निघून गेली. पोरीची मान तिच्या खांद्यावर जीव नसल्यासारखी पडली होती.

मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे आमचे आरोग्य अधिकारी, स्वतः डॉक्टर.

"अहो बाई, संचालकांची गाडी पुलावर आलीये," ते म्हणाले. "नंतर बोलू."

"काडीला सूज आहे, साहेब. दोन्ही पायांना, नडगीपर्यंत. खात नाहीये, हात थंड पडलेत. मला ऑफिसची गाडी हवी."

पलीकडे माइकची चाचणी ऐकू येत होती. "बघतो," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. बघतो म्हणजे काय ते सरकारी नोकरीत सगळ्यांना माहीत असतं.

मी फोन पिशवीत टाकला, तर समोर बेबी. डोळे लाल. "एवढं तोडून बोलायची काय गरज होती? माणसाशी एकदा तरी माणसासारखं बोलत जा! ती आता तुझं काही ऐकायची नाही."

एरवी मी तिथल्या तिथे परतफेड केली असती. आमच्यात उधारी नसते. पण या क्षणी वाद जिंकून मला काय मिळणार होतं?

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. "म्हणून तू जा."

"मी? मी कुठल्या तोंडानं जाऊ? इतके आठवडे मीच तिला सांगत आलेय की..."

"म्हणूनच तुझं ऐकेल. बेबी, तिचा तुझ्यावर विश्वास आहे. माझ्यावर कोणाचा आहे ते मला माहितीये. मी गाडी बघते, तू तिला आण. भांडण घरी करू, हवं तेवढं."

बेबीनं नाक पुसलं आणि ती जवळजवळ पळतच रस्ता ओलांडून गेली. मीही मागोमाग निघाले.

सभागृहाच्या दारात फीत बांधलेली. आत खुर्च्या भरलेल्या, फोटोवाला दिवे लावून बघत होता, आमच्याच खात्याची एक मुलगी माइकवर स्वागताचं वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती. गाडी मागच्या अंगणात उभी होती आणि तिच्यात अर्ध्या खुर्च्या अजून तशाच होत्या. ड्रायव्हरकाका सावलीत बसून टॉवेलनं वारा घेत होते. "खुर्च्या काढा," मी म्हणाले. "मूल न्यायचंय रुग्णालयात." त्यांनी परवानगीचं विचारायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. खुर्च्या उतरू लागल्या.

मी बाजूच्या दारानं आत गेले. पुढच्या रांगेत काडीची आई ताठ बसली होती, मांडीवर काडी. शेजारी सासू, जाड चष्मा, हातात पिशवी, तोंडावर काहीच नाही. आणि त्यांच्यासमोर जमिनीवर माझी नणंद गुडघे टेकून बसलेली. मी चार पावलांवर थांबले. पुढे गेले असते तर पुन्हा घोटाळा केला असता.

"मला काही ऐकायचं नाही, ताई," आई दबक्या आवाजात म्हणत होती. "सगळे बघताहेत."

"बघू दे." बेबीनं काडीचा मोजा काढला. मग तिनं आईचा हात धरला, तिचा अंगठा आपल्या बोटांत घेतला आणि पोरीच्या पावलावर टेकवला. "दाब. घाबरू नको, तिला दुखत नाही. हं, आता सोड."

आईनं अंगठा उचलला. तिघीही त्या पावलाकडे बघत राहिल्या. माइकवरची मुलगी स्वागत करतच होती.

"हे काय आहे?" आईनं विचारलं.

"माझी चूक आहे," बेबी म्हणाली. तिनं आवाज खाली आणला नाही. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल. "वजन वाढतंय म्हणून मी खूश होते. पाय दाबून बघायला हवे होते, बघितले नाहीत. तुझी काही चूक नाही. माझी आहे. आता ऊठ, माझ्या पाया पडायला लावू नको सगळ्यांसमोर."

आई उठेना. ती सासूकडे बघत होती. मला वाटलं, आता म्हातारी तोंड सोडणार आणि सगळं मुसळ केरात जाणार. सासूनं चष्मा वर सरकवला, काडीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि ती बराच वेळ ते धरून राहिली.

"बर्फ झालीये पोर," ती म्हणाली. "चल ऊठ. भाषण कुठे पळून जातंय?"

दारात साहेब आडवे आले. हातात पुष्पगुच्छ, मागे संचालकांची गाडी फाटकातून आत वळत होती. "बाई, हा काय तमाशा आहे? पाच मिनिटं थांबा. नुसता फोटो होऊ दे."

"तुम्ही डॉक्टर आहात, साहेब," मी म्हणाले. "एकदा पाय दाबून बघा आणि मग सांगा पाच मिनिटं थांब म्हणून. मी थांबते."

साहेबांनी काडीकडे बघितलं. पाय दाबला नाही. दाबायची गरजच पडली नाही त्यांना, चेहरा बघूनच ते समजले. त्यांच्या हातातला पुष्पगुच्छ हळूहळू खाली आला. "मागच्या फाटकानं न्या," ते म्हणाले. "मी वॉर्डात फोन करतो." नंतर त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला, तो भाग वेगळा. पण फोन त्यांनी खरंच केला होता.

गाडीत मी काडीला आईच्या कपड्यांच्या आत, छातीशी उघडी धरायला लावली आणि वरून सासूच्या पिशवीतली शाल गुंडाळली. बेबी सारखी तिच्या नाकाशी बोट नेऊन श्वास बघत होती. रस्त्यात सिग्नल लागला की ड्रायव्हरकाका हॉर्नवर हात ठेवायचे तो उचलायचेच नाहीत. आई एकदम बोलायला लागली, पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून, कोणाकडे न बघता.

"पुड्या हिच्याच होत्या, पण घरात तीन तोंडं आहेत. मोठा हातातून ओढून घेतो. मधली रडते. ही मागतच नाही. मग मी त्या दोघांना आधी देते आणि उरलेलं हिला. काही दिवस उरायचं नाही. पण वजन तर वाढत होतं ना? मला वाटलं, हिला थोडंही पुरतंय. अंगी लागतंय."

सासू खिडकीबाहेर बघत होती. मी बेबीकडे बघितलं.

"मला माहीत होतं," बेबी ओठ न हलवल्यासारखं बोलली. "वाटून खातात ते. सगळ्याच घरांत खातात, वहिनी. मी पण म्हटलं, वजन वाढतंय म्हणजे पोटात जातंय."

मला तिच्यावर ओरडता आलं असतं. पण दोन भुकेल्या मुलांनी बघत बसायचं आणि तिसरीनं खायचं, असा हिशोब आमच्या कार्यालयात बसून मांडणाऱ्यांत मीही होते. दंडाच्या पट्टीवर मोठी दोघं धोक्याच्या रंगाच्या थोडी वर होती, म्हणून आमच्या योजनेत ती नव्हतीच. मी नुसती काडीच्या पाठीवर हात ठेवून बसले. तो हात श्वासाबरोबर हलत होता, एवढंच मी बघत होते.

रुग्णालयात डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या. काडीला आत नेलं, रक्तातली साखर बघितली, ती फार उतरली होती. नळीनं साखरपाणी दिलं, गरम गुंडाळलं. आम्ही बाहेरच्या बाकावर. आईला पुन्हा छातीशी धरायला आत बोलावलं तेव्हा सासूनं काखेत हात घालून तिला उठवलं. "उद्यापर्यंत मी काही सांगू शकत नाही," डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "पण आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं."

उद्या आला आणि काडी होती. परवा आला, तेव्हाही होती. मी आणि बेबी कामावरून सुटलो की तिथेच जायचो, एकाच बाकावर बसायचो. घरी करायचं ठरलेलं भांडण राहूनच गेलं. मोठ्या दोघांना बेबीनं केंद्रावर जेवायला बसवायला सुरुवात केली. "नियमात बसत नाहीत," ती मला म्हणाली. "चटईवर बसतात ना? मग बसव," मी म्हणाले. "नियमाचं मी बघते."

पण खरी कसोटी पुढेच होती. सूज उतरू लागली आणि वजन घसरलं. रोज सकाळी काडीला काट्यावर ठेवायचे आणि रोज आकडा कालच्यापेक्षा कमी. गाल बसले, बरगड्या वर आल्या, पायांच्या नुसत्या काटक्या झाल्या. एके दिवशी मी आणि बेबी पोचलो तेव्हा आई पिशवी भरत होती.

"मी नेतेय तिला," ती म्हणाली. डोळ्यांत नुसता संताप. "इथे आणली तेव्हा गुटगुटीत होती. तुम्ही पाण्यासारखं दूध पाजताय आणि पोर वाळत चाललीये. मला दिसत नाही का?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढं तरी मी शिकले होते. बेबीनं तिच्या हातातून पिशवी काढून घेतली नाही. ती सरळ न्हाणीघरात गेली आणि ओला, निथळता टॉवेल घेऊन आली. "धर," ती म्हणाली.

आईनं धरला.

"जड आहे?"

"ओला आहे."

"पिळला की हलका होईल. झिजेल का?"

आई टॉवेल हातात घेऊन उभी राहिली. पाणी तिच्या पायांवर गळत होतं. "पण ताई, आता खाली काही उरलंच नाहीये," ती म्हणाली आणि तिथेच, ओल्या फरशीवर बसून रडायला लागली. भरती केल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. बेबी तिच्या शेजारी बसली. मी पिशवी उचलून खाटेखाली सरकवली. एवढंच माझ्याच्यानं झालं.

ती गेली नाही. मात्र त्यानंतर मी रोज सकाळी कामाआधीही तिथे जायला लागले. काट्याच्या वेळी ती माझा हात धरून उभी राहायची, आणि आकडा खाली आला की तिची नखं माझ्या मनगटात रुतायची. नोकरीत पहिल्यांदाच मी रेघ खाली जाताना बघत होते आणि ती जावी म्हणून मनात धावा करत होते. मग एका सकाळी रेघ थांबली. पायावर अंगठा दाबला तर कातडी लगेच वर आली. नळी काढली आणि परिचारिकेनं पहिल्यांदा दूध पेल्यातून दिलं.

आम्ही सगळ्या खाटेभोवती. आई, सासू, बेबी आणि मी. काडीनं पेल्यात नाक घातलं, वास घेतला. एक घोट. मग पेला तिनं दोन्ही हातांनी धरला आणि ती घटाघट प्यायला लागली. परिचारिका हसून म्हणाली, "अगं हळू," आणि पेला थोडा खाली घ्यायला गेली, तर काडी चक्क किंचाळली. इतक्या दिवसांत त्या पोरीनं आवाज असा काढलाच नव्हता. बेबी हसता हसता रडायला लागली. आईसुद्धा हसली, आणि हसता हसताच, रोजच्या सवयीनं, तिच्या तोंडून निघून गेलं, "बस गं, थोडं दादाला ठेव."

काडीनं पेला लगेच तोंडापासून काढला. ओठांवर दुधाची मिशी तशीच. पेल्यात अजून बरंच दूध होतं. तिनं ते एकदा बघितलं आणि हात लांब करून पेला आईपुढे धरला.

सासूनं चष्मा काढला आणि ती पदरानं काचा पुसत बसली. आईनं तो पेला धरला, काडीच्या हातांवरूनच, आणि परत तिच्याकडे ढकलला.

"नाही," ती म्हणाली. "पी. सगळं तुझं आहे. दादा जेवलाय. सगळं पी."

काडीला ते खरं वाटेना. तिनं आईकडे बघितलं, मग आजीकडे, मग बेबीकडे, मग माझ्याकडे, एकेकीचं तोंड नीट निरखून, कोणी मागत नाहीये ना याची खात्री करून घेतली, आणि मगच पेला पुन्हा तोंडाला लावला.